बिनखताचा वाफा

माझ्या थोरल्या जावेला आख्खं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. आमची घरं एका अंगणात, चुली वेगळ्या. अक्का खुरपणीच्या बायकांच्या टोळीची म्होरकी. रानात गेल्यावर पहिली पात, म्हणजे खुरपायची पहिली ओळ, तिनं धरायची, मग बाकीच्या तिच्या शेजारी ओळीनं आपापली पात धरून बसणार, हा रिवाज मी लग्न होऊन या घरात यायच्या आधीपासूनचा.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी मी अंगणात दात घासत होते, तर अक्का गोठ्याच्या खांबाला धरून उभी. म्हैस पान्हावून मागं बघायली, रेडकू ओरडायलं, आणि हिला म्हशीखाली बसता येईना.

"अक्का, काय झालं?"

"कुठं काय? तू दात घास."

असलं तिचं. माझं तोंड जेवढं फाटकं, तेवढं तिचं शिवलेलं. कंबर तिची काही आजची दुखत नव्हती. पण त्या वर्षी गोष्ट घरातल्या माणसांच्या डोळ्यावर आली. मोठ्या दिरांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, तिला सोलापूरला नेऊन फोटो काढून आणले. मणक्यात गॅप पडलाय, असं कुणीतरी सांगितलं. आमच्याकडं ज्याची कंबर दुखते त्याच्या मणक्यात गॅपच पडलेला असतो. दीर म्हणाले, "सुगी झाली की ऑपरेशन करून घेऊ. न्हायतर टोळी सोड आन् घरी बस." अक्कानं दोन्हीला मान हलवली नाही. दीर गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "मला कापून घ्यायचं न्हाय, धाकले. आन् घरी बी बसायचं न्हाय." घरी बसलेली अक्का कशी दिसंल, हे मला डोळ्यासमोर आणता येईना. पहिली पात दुसऱ्या बाईनं धरलेली तिनं बघितली असती, तर कंबरेच्या आधी काळजानंच गेली असती.

मी गावची आशाताई. बाळंतिणी, लसी, गोळ्या, कुणाला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, सगळं माझ्या गळ्यात. त्याच थंडीत धाराशिवहून एक तरुण डॉक्टरीण आमच्या उपकेंद्रावर आली. व्यायामाची डॉक्टरीण, म्हणजे फिजिओथेरपीवाली. बेंबळीकडच्या गावांतून जुनाट कंबरदुखीच्या बायका गोळा करायच्या आणि कुठल्या उपायानं खरंच फरक पडतो ते तपासायचं, असं त्यांचं काम होतं. बायका गोळा करायचं माझ्याकडं आलं. म्हटलं, कंबरदुखीच्या बायका? आमच्या गावात न दुखणाऱ्या शोधायला सांगितलं असतं तर अवघड गेलं असतं.

उपकेंद्राच्या ओसरीवर बायका जमल्या. डॉक्टरीण समजावायला लागली. उपाय दोन. एक व्यायाम. दुसरी बैठक, म्हणजे दुखण्याबद्दल बसून नीट बोलायचं, वाकलं की मणका मोडंल ही भीती काढायची, कामाची आणि झोपेची घडी बसवायची. मग म्हणाली, "गट चार होतील. काहींना फक्त व्यायाम, काहींना फक्त बैठक, काहींना दोन्ही, आणि काहींना यांपैकी काहीच नाही." बायका तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. एकजण उठून चालायलाच लागली. मग मला राहवेना. मी उठले.

"खाली बस गं. मेथीचे चार वाफे करा. एकाला नुसतं शेणखत. दुसऱ्याला नुसता युरिया. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला कायच न्हाय. बी एकच, पाणी एकच, ऊन एकच. महिन्यानं जाऊन बघा, कशानं काय आलं ते."

"मंग चौथा कशाला?" एक म्हातारी म्हणाली. "त्यो उगा उपाशी."

"चौथा न्हाय केला तर मेथी खतानं आली का रानाच्या जोरानं, कसं कळंल? आन् दोन्ही घालून पीक करपलं तर? का दोन्ही मिळून दुप्पट आलं तर? चारी बघितल्याबिगर सांगता येतंय का?"

म्हातारीनं मान डोलावली. उठून चाललेली खाली बसली. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, "बरोब्बर हेच. आणि चौथ्या वाफ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. केंद्राच्या गोळ्या, तपासणी, नेहमीचं सगळं चालू राहील. दुखण्याची शेवटची मोजणी झाली की त्यांनाही व्यायाम शिकवायचा, बैठकीला बसवायचं. आणि कुणालाही कधीही सोडून जायची मुभा." गट तिनं ठरवायचा नव्हता, मीही नाही. तिकडं कुठंतरी कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या निघणार आणि बंद पाकिटातून येणार.

पाकिटं आली. अक्काचं मीच फोडलं, कारण तिनं ते खालून-वरून बघून माझ्या हातात दिलं. चौथा वाफा. व्यायाम नाही, बैठक नाही. माझं डोकंच फिरलं. गावात हिच्याएवढं दुखणं दुसऱ्या कुणाचं नसंल, आणि हिलाच कोरडी चिठ्ठी? ज्या बाईची नवऱ्याशी भांडलं की कंबर दुखते, तिला दोन्ही! मी डॉक्टरणीला नळाच्या कोपऱ्यात गाठलं.

"मॅडम, ती माझी जाऊ आहे. बदलून द्या."

"ताई, जाऊ आहे म्हणून बदललं तर उद्या सरपंचाची बहीण येईल. आणि मला बदलताच येत नाही."

"ऑपरेशन करायचं म्हणतायत तिचं! तोवर काय उताणी पडून राहील का?"

तिचं तोंड बघून मला वाटलं, हिलाही हे सोपं जात नसंल. पण मी तिच्यावर चिडूनच घरी आले.

अक्का मात्र चिडली नाही. तिच्या टोळीत एक नियम होता, तिनंच घातलेला. वाट्याला आली ती पात. एखादीच्या पातीत हराळी माजलेली असते, खुरपं लागू देत नाही. शेजारणीच्या पातीत मऊ माती आणि चार काड्या गवत. पण पात बदलून मागायची नाही, उड्या मारायच्या नाहीत. एकदा एकीनं गुपचूप सरकून दुसरीची पात धरली, तर अक्कानं तिला दिवसभर रानाच्या बांधावर बसवून ठेवलं होतं. "आली ती आली," ती चिठ्ठीबद्दल म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. बसताना भिंतीला धरून बसली.

थंडी भरात आली. हरभऱ्याची खुरपणी चालू झाली. एका दुपारी टोळीतल्या एका पोरीला तिच्या बाळाच्या लसीचं सांगायला मी रानात गेले. भाकरीची वेळ झाली होती. लिंबाखाली बघते तर काय! आख्खी टोळी सतरंज्या-पोत्यांवर उताणी, गुडघे वर, आणि एक बाई उभी राहून ओरडायली, "घ्या वर… धरा… सोडा!" की सगळ्यांची ढुंगणं एकदम वर, एकदम खाली. शेजारच्या रानातला गडी पाणी द्यायचं सोडून बघत उभा होता.

"अगं ए बायांनो! काय लावलंय हे?"

"व्यायाम!" उभी होती ती म्हणाली. तिला चिठ्ठीत व्यायाम आला होता. बाकीच्यांत कुणाला बैठक होती, कुणाला काहीच नव्हतं. आणि मधोमध, पदर कमरेला खोचून, अक्का.

मला हसू यायलं आणि घामही फुटायला. कारण काय झालं हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं. पात बदलायची नाही हा टोळीचा नियम खरा, पण दुसरा एक त्याच्याहून जुना आहे. एखादी बाई मागं राहिली, तर ज्यांची पात निघाली त्यांनी समोरून येऊन तिची काढू लागायची. मधे गाठ पडली की सगळ्या मिळून उठायच्या. मागं एकटीला ठेवून कुणी भाकरीचं फडकं सोडत नाही. त्या बायकांना वाटलं, अक्का आणि आणखी तिघी-चौघी चिठ्ठीत मागं राहिल्या. मग त्या समोरून आल्या. चूक म्हणावी तर एवढीच.

"धाकले," अक्का आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "म्हशीखाली बसता यायलंय बघ."

तिचं तोंड मी किती तरी दिवसांनी असं मोकळं बघितलं. आता हे डॉक्टरणीला सांगावं का गिळून टाकावं? वाटेनं येताना दोन्हीकडून मनाशी भांडले. पण मी गिळणाऱ्यातली नाही. आणि चार वाफ्यांचं गावाला मीच सांगितलं होतं. फोन लावला.

ती दुसऱ्या दिवशी आली. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडली नाही. ओसरीवर बसली, बायकांनी दिलेला चहा प्याली, मग म्हणाली, "कुणाला काढायचं नाही. कुणाचा गट बदलायचा नाही. जी चिठ्ठी आली त्याच गटात तुम्हाला मोजणार, आणि कोणी काय केलं ते खरं लिहिणार. करू नका अशी बळजबरी मला करता येत नाही, करायची पण नाही. फक्त एवढं सांगते. वाफ्याचं खत पाटाच्या पाण्यातून सगळ्या वाफ्यांत गेलं, तर शेवटी चारही सारखेच हिरवे दिसतील. मग आम्ही काय म्हणू? म्हणू, खताचा काही उपयोग नाही."

अक्कानं विचारलं, "म्हंजी ह्यांनी माझी पात काढली तर व्यायामच खोटा ठरंल?"

"ठरू शकतो."

"आन् मंग दुसऱ्या गावच्या बायांना कुणी शिकवणार न्हाय?"

"कदाचित नाही."

अक्का भिंतीला धरून उठली. टोळीकडं बघून म्हणाली, "आजपासनं माझ्या पातीत कुणी यायचं न्हाय." टोळीतल्या एकीच्या डोळ्यात पाणीच आलं. "अक्का, असं कसं म्हणता? आमी उठायचं आन् तुम्ही मागं?" "व्हय," अक्का म्हणाली. "माझी मी येते."

मी तिला ओढतच बाजूला नेलं. "येड लागलंय का तुम्हाला? तुम्हाला बरं वाटायलंय! ती पण म्हणाली, बळजबरी न्हाय. सोडून द्या त्यांचं ते, करा व्यायाम."

"माझी आई बघितलीस तू?"

बघितली होती. शेवटी शेवटी तिचं तोंड जमिनीकडंच असायचं. माणूस आलं की पायावरनं ओळखायची.

"तिला बाम दिला, पट्टा दिला, डाग दिले. कशानं काय हुतंय कुणालाच ठावं न्हवतं. समदे म्हणायचे, बाईची कंबर हाय, अशीच असती. आता कोण तरी नीट बघायलंय तर मी त्यात माती कालवू? माझी सून हाय, तुझी लेक हाय. त्यांच्या कमरा काय लोखंडाच्या हायेत?"

यावर काय बोलणार? मी बोलले तरीही. लई बोलले. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हशीला पेंड टाकायला गेली.

त्यानंतर व्यायामवाल्या बायका आपापल्या घरीच व्यायाम करू लागल्या. दुपारची भाकर झाली की लिंबाखाली कुणी आडवं होईना. हळूहळू अक्काची कंबर पहिल्यासारखी दुखू लागली, मग त्याहून वाईट. हरभरा झाला, ज्वारीची काढणी आली. ज्वारीला वाकून वाकून धडधाकट माणूस रडतं. ही पहिली पात धरायची, सोडायची नाही. मला सगळा व्यायाम तोंडपाठ झालेला, आणि ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर चुलीपुढं बसलेली. एकदा मी तिच्या चुलीपाशी जाऊन सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "उताणं पडायचं, गुडघे वर घ्यायचे आन्…" तिनं फुकणी उगारली. "जा गप तुझ्या घरला!"

दिरांचं आपलं चालूच. "सोलापूरला कवा जायाचं? गाडी ठरवू का?" ती म्हणायची, "उन्हाळ्यात शेवटची मोजणी हाय. त्याच्या आधी मी कुठं जात न्हाय." दीर कावायचे. "मोजणी तुझ्यासाठी का तू मोजणीसाठी?" मनात मी म्हणायचे, बोलतायत ते काय खोटं नाही. माणूस वाईट नव्हता. पहाटे उठून तिच्या आधी हौद भरून ठेवायचा आणि कुणी भरला ते सांगायचा नाही. फक्त दोघांनाही बोलायचं म्हणलं की सोलापूर सोडून काही सुचत नव्हतं.

मधली मोजणी झाली ज्वारी काढायच्या सुमाराला. मोजणारा माणूस बाहेरचा, शिकलेला, नम्र. कुठल्या बाईला कुठला उपाय मिळाला हे त्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे त्याचा हात इकडंतिकडं झुकायला नको. डॉक्टरणीनं बायकांना चारचारदा बजावलं होतं. पहिलीच बाई आत गेली आणि आतून आवाज, "मला नुसत्या गप्पाच मिळाल्या बघा दादा!" डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला.

पण माझं लक्ष अक्काकडं. ती बाहेर आली तशी मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय न्हाय. कसं हाय इचारलं. म्हणलं, बरं हाय."

"काय?"

"मंग काय म्हणू? परका माणूस, इतक्या लांबनं आला. त्येच्यापुढं काय रडगाणं गायाचं?"

आमच्याकडं हे असंच आहे. दारात आलेल्या माणसानं विचारलं, कसं हाय, तर बरं हाय. मयताच्या घरी विचारलं तरी बरं हाय. दुखणं सांगणारी बाई म्हणजे रडकी, कामचुकार. पण आता या दोन शब्दांनी काय होणार होतं? इतके दिवस हिनं दात दाबून काढले ते याच्यासाठीच की बिनखताचा वाफा कसा आहे ते खरं दिसावं. आणि आता हीच बाई म्हणणार, हिरवागार आहे! म्हणजे दुखणंही हिचंच, आणि ते पाण्यातच जाणार. मी डॉक्टरणीकडं धावले.

"तुम्ही तिला सांगू नका ताई," ती म्हणाली. "कुणालाच नाही. काय बोलायचं हे आपण पढवलं तर ते त्यांचं उत्तर राहत नाही. मी सगळ्यांना मिळून एवढंच सांगेन, आहे तसं सांगा, आम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

ते तिनं सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. अक्कानंही हलवली. आमच्याकडं मान सगळ्याला हलवतात. आणि मी, जिला साधं मीठ जास्त झालं तरी बोलल्याशिवाय भाकर गिळवत नाही, ती तोंडाला कुलूप लावून राहिले. अंगणात समोरासमोर आलो की मी माझ्याच दाराआड जायचे, न जाणो तोंडातून निसटलं तर.

चैत्र आला. येरमाळ्याच्या देवीच्या यात्रेला आमच्याकडून दरसाल अक्का जायची. त्या वर्षी गेली नाही. विचारणाऱ्याला म्हणाली, कामं लई हायेत. दिरांनी सोलापूरच्या दवाखान्याची तारीख घेतली, तिला न विचारता. मोजणीच्या पुढच्या आठवड्यातली.

शेवटच्या मोजणीला तेच तिला गाडीवर घेऊन आले. उपकेंद्राच्या ओसरीवर बाकड्यावर बसले, गाडीची किल्ली बोटात फिरवत. बाकीच्या बायका झाल्या होत्या. लाईट गेलेली, आत उकाडा मरणाचा, म्हणून मोजणाऱ्या माणसानं दार उघडं टाकलं होतं. डॉक्टरीण लांब, औषधांच्या खोलीत. मी दाराच्या बाहेर भिंतीला टेकून उभी. आतलं सगळं ऐकू यायचं.

आधी त्यानं वाकायला लावलं, बसायला, उठायला. मग विचारलं, "आता कंबर कशी आहे, मावशी?"

"बरं…" अक्का म्हणाली.

मी डोळे मिटले. गेलं, म्हटलं. सगळं गेलं.

तो माणूस घाई करणारा नव्हता. लिहायलाही लागला नाही. म्हणाला, "म्हणजे सकाळी उठताना कसं होतं? तिथून सांगा."

मग ती बोलायला लागली. हळू, पण प्रत्येक शब्द कळत होता.

"उठताना म्हंजी, आधी बाजंला हातानं धरते. मंग कुशीवर हुते. दात दाबते. आवाज निघू दिला तर शेजारी मालक निजल्यालं असत्यात. उठले की गोठ्यापस्तोर भिंतीनं भिंतीनं जाते. म्हशीखाली बसते त्या टायमाला डोळ्यापुढं अंधारी येती."

"आणि रानात?"

"पहिली पात धरते मी. पहिलीच धरते. निम्म्यात गेले की डोळ्याला पाणी येतंय. पदर पुढं वढून घेते. बायांना वाटतंय, ऊन लागतंय." ती थांबली. "दुखतंय, दादा. लई दुखतंय. दिसभर दुखतंय. मधी थोडं दिस बरं हुतं, आता न्हाय. लिव्हा तसं."

ओसरीवर किल्लीचा आवाज थांबला. मी दिरांकडं बघितलं. ते उठून उभे राहिले होते. या माणसाला मी एकदाही असं बघितलं नव्हतं. बैल मेला तेव्हाही नाही.

अक्का बाहेर आली. चौकटीला धरून उंबरा उतरली. दीर पुढं झाले.

"इतकं दुखत हुतं," ते म्हणाले, "तर मला का न्हाय बोललीस?"

अक्कानं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही, साधंच.

"त्येनं इचारलं," ती म्हणाली. "तुमी कवा इचारलं?"

दीर काहीतरी बोलायला गेले. त्यांच्या तोंडातून सोलापूरचा स निघाला असावा, पण पुढं काही आलं नाही. बरोबर होतं तिचं. सोलापूरला कवा जायाचं, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी आख्ख्या गावाला विचारत फिरते, आणि मीही तिला व्यायाम कर, चिठ्ठी सोड, हेच सांगत आले होते. मलाही ते लागलं, आणि चांगलं सणसणीत लागलं.

डॉक्टरीण खोलीतून बाहेर आली. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. "झाली ना मोजणी? मावशी, आता तुमचा व्यायाम आणि बैठक सुरू करायची. उद्या याल का? आज दमला असाल."

"उद्या कशाला?" अक्का म्हणाली. "आजच दावा. इतके दिस वाट बघितली म्या."

आतल्या खोलीत चटई अंथरली. मोजणारा माणूस आपलं सामान घेऊन निघून गेला. अक्का चटईवर आडवी व्हायला लागली, तर डॉक्टरणीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. ती उताणी झाली, गुडघे वर घेतले. डॉक्टरीण म्हणाली, "हळूहळू उचला. श्वास सोडा." कंबर जेमतेम उचलली गेली आणि अक्काचं तोंड आवळलं.

दारात सावली पडली. दीर उभे होते. ते आत आले नाहीत, दाराची कडी धरून तिथंच थांबले.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," अक्का म्हणाली.

"कुठं?"

"हितनं, पार मांडीपस्तोर."

दिरांनी मान हलवली. "बरं. त्या सोलापूरच्या डॉक्टरला सांगतो आत्ता न्हाय म्हणून," ते म्हणाले आणि उंबऱ्यावरच खाली बसले. अक्कानं डोळे पुसले, डॉक्टरणीकडं मान वळवली आणि म्हणाली, "थांबला का तुमी? पुढचं दावा."